निनवेची क्षमा : योनाच्या ग्रंथातील न्याय आणि दया

ईश्वर न्यायी आहे असे म्हटले की तो दयाळू कसा, आणि दयाळू आहे असे म्हटले की तो न्यायी कसा, हा प्रश्न एकेश्वरवादी धर्मपरंपरांइतकाच जुना आहे. अनेक देवता मानणाऱ्या समाजाला ही दोन कामे दोघांकडे वाटून देता येतात. शिक्षा करणारा देव निराळा, वर देणारी देवता निराळी. एकच देव मानणाऱ्यांना ती सोय नाही. ज्या हाताने दंड करायचा त्याच हाताने कुरवाळायचे, आणि दोन्ही वेळा तो हात खरा मानायचा, असा हा पेच आहे. इब्री पवित्रशास्त्राने, म्हणजे ख्रिस्ती वाचक ज्याला जुना करार म्हणतात त्या ग्रंथसमूहाने, हा पेच लपवला नाही. तो ठिकठिकाणी उघड मांडला आहे, आणि सर्वांत धीटपणे मांडला आहे तो योना संदेष्ट्याच्या लहानशा ग्रंथात.

योना म्हटले की बहुतेकांना मोठा मासा तेवढा आठवतो. मासा हा त्या कथेतील प्रवासाचा एक टप्पा आहे. कथेचा विषय मात्र एका शहराला मिळालेली क्षमा हा आहे. ते शहर निनवे, अश्शूरी साम्राज्याची राजधानी. ही क्षमा ज्यांनी प्रथम ऐकली त्यांना ती किती महाग वाटली असेल, हे त्या शहराचा इतिहास पाहिल्यावाचून समजत नाही. या ग्रंथाचे एक टोक आपल्या कोकणालाही येऊन भिडते, ते लेखाच्या शेवटी पाहू.

एक वचन, दोन अर्धे

प्रश्नाचे मूळ निर्गम ग्रंथाच्या चौतिसाव्या अध्यायात आहे. इस्राएल लोकांनी सोन्याचे वासरू करून त्याची पूजा केली, मोशेने पाट्या फोडल्या, आणि तो पुन्हा पर्वतावर गेला. त्या वेळी देव त्याच्यापुढून जाताना आपले गुण स्वतःच उच्चारतो. या वचनाचा पूर्वार्ध करुणेचा आहे : देव कृपाळू आहे, त्याचे प्रेम विपुल आहे, ते हजारो पिढ्यांपर्यंत टिकते, तो अपराधांची क्षमा करतो. उत्तरार्ध न्यायाचा आहे : तो अपराध्याला निर्दोष ठरवून मुळीच सोडत नाही, आणि वडिलांच्या अधर्माबद्दल तिसऱ्या-चौथ्या पिढीपर्यंत जाब घेतो. दोन अर्ध्यांत एखाद्या शब्दाचाही पूल नाही.

येथे मूळ शब्दांकडे थोडे लक्ष दिले पाहिजे. करुणेसाठी आलेला 'रहूम' हा शब्द 'रेहेम' म्हणजे गर्भाशय या शब्दाशी नाते सांगतो. विठ्ठलाला माउली म्हणणाऱ्या मराठी कानाला हे नाते समजावून सांगावे लागत नाही. 'हेसेद' म्हणजे करारातून आलेले, न सुटणारे निष्ठेचे प्रेम. 'एमेत' म्हणजे सत्य, भरवसा, दिल्या शब्दाला जागणे. रागाला उशीर लावणारा या अर्थाचा इब्री वाक्प्रचार शब्दशः लांब नाकाचा असा आहे. राग नाकातून फुसफुसत बाहेर येतो, नाक लांब असेल तर त्याला वेळ लागतो, अशी ती कल्पना. मराठी बायबलच्या भाषांतरकारांनी त्यासाठी 'मंदक्रोध' हा नेटका शब्द योजला.

हे वचन पुढे अनेकांनी आपापल्या गरजेप्रमाणे वापरले. गणना ग्रंथात मोशे तेच वचन देवाला परत ऐकवतो आणि लोकांसाठी क्षमा मागतो. यहेज्केल संदेष्टा त्याच्या उत्तरार्धाशी सरळ भांडतो. बाबेलच्या बंदिवासात लोक म्हणत होते की आंबट द्राक्षे बापांनी खाल्ली आणि दात आमचे आंबले. यहेज्केल आपल्या अठराव्या अध्यायात ही म्हण बंद करायला सांगतो. पाप करील तोच मरेल, बापाचा भार लेकावर नाही, आणि दुष्ट माणूस मागे फिरला तर जगेल, असे तो बजावतो. पवित्रशास्त्रच पवित्रशास्त्राला दुरुस्त करते, असे हे दृश्य आहे.

निनवे म्हणजे काय

आता त्या शहराकडे वळू. आजच्या इराकमधील मोसुल शहरासमोर, तैग्रीस नदीच्या पूर्व तीरावर निनवेचे अवशेष आहेत. इ.स.पू. ७२२ च्या सुमारास अश्शूरी सैन्याने उत्तरेकडील इस्राएल राज्याची राजधानी शोमरोन जिंकली आणि तेथील लोकांना उचलून दूरदेशी नेऊन वसवले. ते राज्य पुन्हा उभे राहिले नाही. इ.स.पू. ७०१ मध्ये सन्हेरीब राजाने दक्षिणेकडील यहूदा राज्यावर स्वारी केली व लाखीश हे तटबंदीचे शहर घेतले. त्या विजयाची शिल्पपट्टी त्याने निनवे येथील आपल्या राजवाड्यात कोरवून घेतली. ऑस्टेन हेन्री लेयार्ड याने १८४० च्या दशकात ती उकरून काढली, आणि आज ती लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. सुळावर चढवलेले कैदी, जमिनीला ताणून बांधलेली माणसे, आणि बैलगाडीवर बोचकी लादून बायकामुलांसह बाहेर पडणारी कुटुंबे त्या दगडावर दिसतात. कोरणाऱ्यांना यात लपवण्यासारखे काही वाटले नाही. तो त्यांचा गौरव होता.

इ.स.पू. ६१२ मध्ये मेदी आणि बाबेली सैन्यांनी निनवेचा नाश केला. नहूम संदेष्ट्याचा ग्रंथ हा याच नाशाचा जयघोष आहे. आरंभीच तो निर्गमातील वचन उचलतो, परंतु त्यातील प्रेमाचा भाग गाळतो. देव मंदक्रोध आहे एवढे सांगून तो लगेच अपराध्याला न सोडण्याच्या उत्तरार्धावर येतो. ग्रंथाचा शेवट प्रश्नाने होतो : ज्याला तुझ्या क्रौर्याचा जाच झाला नाही असा कोण आहे, या अर्थाचा. लाखीशची शिल्पपट्टी पाहिलेल्या माणसाला नहूमचा राग अवाजवी म्हणता येणार नाही. न्यायाची मागणी नेहमी सूडबुद्धीतून येत नाही. ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांच्या दुःखाची कोणी नोंद ठेवली आहे, एवढाच दिलासा पुष्कळदा तीत मागितलेला असतो.

योनाची तक्रार

योनाचा ग्रंथ याच शहराविषयी बोलतो, आणि अगदी उलट बोलतो. राजे या दुसऱ्या ग्रंथात अमित्तयाचा पुत्र योना याचा ओझरता उल्लेख आहे, इ.स.पू. आठव्या शतकातील दुसऱ्या यराबामाच्या कारकिर्दीत तो होऊन गेला. परंतु त्याच्या नावाचा हा ग्रंथ बहुतेक अभ्यासक बंदिवासानंतरच्या काळातला, म्हणजे काही शतकांनी नंतरचा मानतात. निनवे ही साम्राज्याची राजधानी झाली ती सन्हेरीबाच्या वेळी, योनाच्या पुष्कळ नंतर. तेव्हा ग्रंथ लिहिणाऱ्याला आणि ऐकणाऱ्यांना निनवेने पुढे काय केले हे ठाऊक होते. शोमरोन पडल्याचे ठाऊक असलेल्या लोकांना ही गोष्ट सांगितली जात होती.

ग्रंथ अवघा चार अध्यायांचा, ४८ वचनांचा आहे. देव योनाला निनवेस जायला सांगतो; तो याफो बंदरात जाऊन नेमक्या उलट दिशेच्या तार्शीशचे गलबत धरतो. वादळ, चिठ्ठ्या टाकणे, समुद्रात फेकले जाणे, मासा, आणि पुन्हा किनारा, हे सर्व झाल्यावर तो अखेर निनवेत शिरतो. त्याचा संदेश मुळात पाच शब्दांचा आहे : चाळीस दिवसांनी निनवे उलथेल. यातले क्रियापद सदोमाच्या नाशासाठी वापरलेलेच आहे. पण त्या इब्री धातूचे दोन अर्थ होतात, उलथणे आणि पालटणे. तल्मूदच्या पंडितांनी हे हेरले होते. शहर उलथले नाही, पालटले. राजापासून गुरांपर्यंत सर्वांनी गोणपाट नेसले, उपास केला, आणि देवाने अरिष्ट मागे घेतले.

योनाला याचा भयंकर राग येतो. आपण का पळालो हे तो आता प्रथमच सांगतो. तू दयाळू आहेस हे मला माहीत होते, म्हणूनच मी पळालो, असे त्याचे म्हणणे आहे. मग तो निर्गमातील वचन म्हणतो. स्तुती म्हणून नव्हे, आरोप म्हणून. म्हणताना तो एक फेरफारही करतो. मूळ वचनात 'हेसेद' व 'एमेत', प्रेम आणि सत्य, ही जोडी आहे. योना 'एमेत' गाळतो आणि त्याच्या जागी देव अरिष्टाविषयीचा आपला बेत बदलतो असे म्हणतो. त्याच्या पित्याचे अमित्तय हे नाव याच 'एमेत' शब्दापासून आले आहे. सत्याचा हा पुत्र देवाला जणू विचारतो, तुझ्या दयेत सत्य कुठे गेले? चाळीस दिवस गोणपाट नेसले की सुळावर चढवलेली माणसे परत येतात काय?

हा प्रश्न क्षुद्र मनाचा नाही. योनाला कोत्या वृत्तीचा ठरवून मोकळे होण्याची चूक अनेक टीकाकारांनी केली आहे. अब्राहामाने सदोमासाठी केलेल्या रदबदलीशी त्याची तुलना केली जाते. अब्राहाम पन्नास नीतिमानांपासून सुरुवात करून दहांपर्यंत खाली येतो. तो शहराच्या बाजूने देवाशी घासाघीस करतो, योना विरुद्ध बाजूने. तुलना खरी आहे. पण सदोमाने अब्राहामाचे घर जाळले नव्हते. परक्याच्या अपराधाबद्दल उदार होणे सोपे असते. स्वतःच्या माणसांचा घात करणाऱ्याबद्दल उदार होणे ही निराळीच गोष्ट आहे.

देवाचे उत्तर तर्काने येत नाही. शहराबाहेर बसलेल्या योनावर एक वेल उगवून सावली धरतो, दुसऱ्या दिवशी किडा तो कुरतडतो, आणि उन्हाने तळमळणारा योना वेलासाठी हळहळतो. जो वेल तू लावला नाहीस, वाढवला नाहीस, त्याची तुला कीव येते; मग ज्या निनवेत उजवे-डावे न कळणारी १,२०,००० हून अधिक माणसे आहेत, आणि पुष्कळ गुरेढोरेही आहेत, त्या शहराची कीव मी करू नये काय, या आशयाच्या प्रश्नावर ग्रंथ संपतो. योना काय म्हणाला ते लिहिलेले नाही. बारा लघु संदेष्ट्यांच्या ग्रंथांत प्रश्नाने संपणारे दोनच आहेत, नहूम आणि योना. दोन्ही निनवेविषयी, आणि दोन्ही एकाच संग्रहात ठेवले गेले. संग्रह करणाऱ्यांनी कोणा एकाला गाळले नाही, यातच त्यांचा निर्णय दिसतो.

पंडितांची तोड

मंदिराच्या नाशानंतर यहुदी धर्माची धुरा रब्बी पंडितांकडे आली. त्यांच्याकडे एक दृष्टांत आहे. एका राजाजवळ नाजूक पेले होते. कढत पाणी ओतावे तर ते फुटतील, थंडगार ओतावे तर तडकतील. म्हणून त्याने दोन्ही मिसळून ओतले. निव्वळ न्यायावर निर्मिलेले जग टिकणार नाही, निव्वळ दयेवर निर्मिलेल्या जगात पाप माजेल, म्हणून देवाने दोहोंचे मिश्रण केले, असे त्याचे तात्पर्य. येथे जगाला नाजूक पेल्याची उपमा दिली आहे, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

प्रार्थनेत मात्र त्यांनी अधिक धाडस केले. निर्गमातील वचन त्यांनी देवाचे तेरा गुण म्हणून प्रार्थनेत घेतले, पण ते मध्येच तोडले. इब्री भाषेत तेच क्रियापद लागोपाठ दोनदा येऊन 'निर्दोष ठरवून मुळीच सोडत नाही' असा अर्थ होतो; त्यातील पहिले क्रियापद तेवढे ठेवून नकारापाशी थांबले की 'निर्दोष ठरवून सोडतो' असा नेमका उलटा अर्थ निघतो. तल्मूदमध्ये त्याचे समर्थन आहे : जे मागे फिरतात त्यांना सोडतो, जे फिरत नाहीत त्यांना सोडत नाही. ग्रंथाच्या गुंडाळीत वचन पूर्ण राहिले, तोंडच्या प्रार्थनेत अर्धे. वाचताना न्याय ऐकावा आणि मागताना दया मागावी, अशी ती विभागणी आहे.

म्हणून दया स्वस्त झाली असे नाही. निनवेविषयी मिश्ना सांगते की देवाने त्यांचे गोणपाट आणि उपास पाहिले असे शास्त्रात लिहिलेले नाही. त्यांची कृत्ये पाहिली असे लिहिले आहे. ही कृत्ये कोणती, याचे उदाहरण तल्मूद देते. चोरीची तुळई वाड्यात बसवली असेल तर त्यांनी सारा वाडा उतरवून ती तुळई धन्याला परत दिली. प्रायश्चित्ताचा दिवस देवाविरुद्धच्या अपराधांची निष्कृती करतो, पण शेजाऱ्याविरुद्धच्या अपराधाची करीत नाही, जोवर त्या शेजाऱ्याचे समाधान होत नाही, असाही मिश्नेचा नियम आहे. योनाने गाळलेले सत्य पंडितांनी असे तुळईच्या रूपाने परत आणले. सर्व पंडितांचे मात्र यावर एकमत नव्हते. निनवेकरांचा पश्चात्ताप ढोंगी होता, असे म्हणणारा पक्षही यरुशलेमी तल्मूदमध्ये नोंदलेला आहे.

निनवेची ही कथा पुढे इतर धर्मांनीही आपली मानली. शुभवर्तमानांत येशू निनवेकरांचा दाखला देतो. कुराणात यूनुसच्या लोकांवरील संकट टळल्याचा उल्लेख आहे. केरळातील सिरियन ख्रिस्ती आजही तीन दिवसांचा निनवेचा उपास पाळतात. मोसुल येथे योनाची कबर म्हणून मानलेली जागा व तिच्यावरील मशीद शतकानुशतके पूजनीय होती. जुलै २०१४ मध्ये ती 'इस्लामिक स्टेट'च्या सैनिकांनी सुरुंगाने उडवली.

दारफाळणीचा सण

तल्मूदच्या नियमाप्रमाणे योनाचा ग्रंथ प्रायश्चित्ताच्या दिवशी, योम किप्पूरला, तिसऱ्या प्रहरच्या प्रार्थनेत वाचला जातो. त्यानंतर दिवस मावळताना होते ती 'नेइला', म्हणजे द्वारे मिटण्याची प्रार्थना. नेमक्या याच ठिकाणी आपल्या कोकणाचा संबंध येतो.

अलिबागजवळ नवगाव येथे गलबत फुटून सात पुरुष व सात स्त्रिया किनाऱ्याला लागल्या आणि त्यांचाच वंश वाढला, अशी बेने इस्राएल समाजाची परंपरा आहे. त्या फुटीत त्यांचे ग्रंथही गेले. शतकानुशतके कुलाब्याच्या गावांतून तेल गाळत, शनिवारी घाणा बंद ठेवून 'शनवार तेली' म्हणवत, केहीमकर, रोहेकर, पेणकर अशी आडनावे घेत ते राहिले. घरात मराठी बोलत, आणि सणांनाही मराठीच नावे होती. हाईम सॅम्युएल केहीमकर यांनी १८९७ मध्ये लिहिलेल्या आणि १९३७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या समाजाच्या इतिहासात ती नोंदलेली आहेत. योम किप्पूरला ते दारफाळणीचा सण म्हणत, म्हणजे दारे लावून घेण्याचा सण. त्या दिवशी उपास करायचा, पांढरी वस्त्रे नेसायची आणि घराबाहेर पडायचे नाही. दुसरा दिवस शिळा सण. त्या दिवशी दानधर्म करायचा आणि एकमेकांकडे जायचे. योनाचा ग्रंथ त्यांच्यापाशी नव्हता, 'नेइला' हा शब्द नव्हता, तेरा गुणांचे वचन नव्हते. दार मात्र होते. न्यायाच्या दिवशी दार लागते आणि दुसऱ्या दिवशी ते शेजाऱ्यासाठी उघडते, एवढे त्यांनी पोथीवाचून जपले.

अठराव्या शतकात कोचीनच्या यहुद्यांशी संबंध वाढून प्रार्थनेचा विधी त्यांच्याकडे परत आला. कंपनी सरकारच्या फौजेतील सामाजी हसाजी दिवेकर, ऊर्फ सॅम्युएल इझिकेल, हे दुसऱ्या इंग्रज-म्हैसूर युद्धात टिपू सुलतानाच्या कैदेत पडले. आपण बेने इस्राएल आहोत असे कैद्यांनी सांगितले तेव्हा सुलतानाच्या आईने रदबदली केली व त्यांचे प्राण वाचले, असे परंपरा सांगते. कुराणात आलेले हे नाव त्या माउलीच्या ओळखीचे असणार. सुटून आल्यावर दिवेकरांनी १७९६ मध्ये मुंबईत समाजाचे पहिले प्रार्थनामंदिर बांधले. लोक त्याला जुनी मशीद म्हणत. पुढे त्याला 'शआर हारहमीम' हे नाव मिळाले. त्याचा अर्थ दयेचे द्वार. दारफाळणीचा सण पाळणाऱ्यांनी आपल्या सर्वांत जुन्या मंदिराला असे नाव द्यावे, याला योगायोग म्हणणे कठीण आहे.

१९४८ नंतर या समाजाचे बहुतेक लोक इस्राएलला गेले. भारतात आता काही हजारच राहिले आहेत. प्रायश्चित्ताच्या दिवसाचा क्रम मात्र तिकडेही आणि इकडेही तोच आहे. योनाचा ग्रंथ वाचून होतो आणि देवाचा प्रश्न अनुत्तरित राहतो. मग बहुतेक परंपरांत त्याला जोडूनच मीखा संदेष्ट्याची तीन वचने वाचतात. पापे समुद्राच्या तळाशी टाकली जातील असे त्यांत सांगितले आहे, आणि शेवटच्या वचनात याकोबाला 'एमेत' व अब्राहामाला 'हेसेद' देण्याचे आश्वासन आहे. योनाने रागाच्या भरात तोडलेली जोडी तेथे पुन्हा एकत्र येते. त्यानंतर सांज होते, आणि द्वारे मिटण्याची प्रार्थना सुरू होते.